उन्हाच्या नावावर

यादीत पाच क्रमांक होते. चार ‘र’चे आणि एक ‘न’चा.

प्रेमदास थूलने कागद दोनदा वाचला. अशा यादीत ‘न’चा क्रमांक आजवर आला नव्हता. र म्हणजे रुग्ण, किंवा रुग्णाच्या रक्ताचं माणूस. न म्हणजे निरोगी, ज्याच्याशी रुग्णांची तुलना करायची तो. वर्ध्याच्या त्या संशोधन केंद्रात पाच वर्षं एकच प्रश्न उकरला जात होता. काही घरांतली धडधाकट माणसं भर तारुण्यात उभ्याची आडवी का होतात? या माणसांच्या हृदयाचा स्नायू आतून जाड होत जातो. बाहेरून काही दिसत नाही. माणूस वखर धरतो, ट्रक भरतो, लग्नात नाचतो, आणि एक दिवस हृदयाची लय तुटते. हे जाड होणं एका जनुकातल्या बिघाडातून येतं. आईबापांपैकी एकात तो असला, तर प्रत्येक मुलामागे निम्मी शक्यता.

ज्यांच्या रक्तात तो बिघाड सापडला आणि खात्रीसाठी ज्यांचं रक्त पुन्हा काढायचं, त्यांची ही यादी. दर महिन्याला प्रयोगशाळेतून ती प्रेमदासच्या हातात येई. तिच्यात नावं नसत. नळीवर नाव लिहायचं नाही, हा तिथला पहिला नियम. क्रमांक आणि नाव यांची गाठ एकाच रजिस्टरात मारलेली होती, आणि ते रजिस्टर प्रेमदासच्या कपाटात कुलपाखाली असे.

कपाटाकडे जाताना त्याला त्या ‘न’ची दया आली. र वाल्यांना निदान अंदाज असतो. घरात एखादा गेलेला असतो, भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. हा बिचारा दुसऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हात पुढे करून बसला असेल. त्याच्या दारात मोटरसायकल उभी केल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हेही प्रेमदासने ठरवून टाकलं. घाबरू नका, पुन्हा एकदा रक्त पाहायचंय, बस. पाणी मागायचं. पाणी प्यायल्यावर बाकीचं.

रजिस्टर उघडून त्याने बोट खाली सरकवत नेलं. न-११५. न-११६. न-११७.

अक्षर त्याचंच होतं. नावही त्याचंच होतं.

तो उभाच राहिला. खिडकीतल्या कूलरचं पाणी टपटपत होतं. त्याने ते मोजलं नाही, पण ऐकलं. मग बोट उचलून पुन्हा ठेवलं, जसं काही बोट चुकलं असेल. न-११७, प्रेमदास श्रावण थूल, वय त्रेचाळीस, नालवाडी. गेल्या वर्षीची नोंद. छातीत काही होतं का, म्हणून त्याने लक्ष दिलं. काही होत नव्हतं. हृदय आपलं काम करत होतं, त्याला न विचारता, चव्वेचाळीस वर्षं करत आलं होतं तसं.

मग त्याला नंदिनी आठवली, आणि तो खाली बसला.

नंदिनी त्याची मुलगी. एकवीस वर्षांची. दोन वर्षं ती पोलीस भरतीसाठी पळत होती. रोज पहाटे नालवाडीहून मैदानावर, आठशे मीटर, पुन्हा आठशे मीटर. परवा सकाळी सहाला तिचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी होती.

*

न-११७ कसा झाला, ती गोष्ट प्रेमदास स्वतःच हसत सांगत असे.

गेल्या वर्षीचा मे. देवळीच्या पलीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीवर तो सुया आणि नळ्या मांडून बसला होता, आणि कोणी पुढे येत नव्हतं. नत्थूजी नावाचे सत्तरीचे शेतकरी खांबाला टेकून बसले होते. तेच बोलले.

“रक्त नेऊन विकता म्हणते तुमी लोक.”

“काका, विकलं असतं तर हे खटारा गाडी असती का माह्याजवळ?”

लोक हसले. नत्थूजी हसले नाहीत.

“मंग आंधी तुह्यं काढ. मले पाहू दे, काई होते का तुले.”

प्रेमदासने रबरी पट्टा दातांनी ओढून स्वतःच्या दंडाला बांधला आणि एका हाताने स्वतःचं रक्त काढलं. बाया तोंडाला पदर लावून पाहत होत्या. नत्थूजींनी हात पुढे केला. त्यांच्यामागे बावीस जण आले. भरलेली नळी फेकायची कशाला, म्हणून त्याने स्वतःचाही फॉर्म भरला. ‘न’चे क्रमांक तसेही कमी पडत होते. प्रश्न चौदावा: घराण्यात पन्नाशीच्या आत कोणाचा अचानक मृत्यू झाला आहे का? त्याने लिहिलं, नाही. वडील आणि मोठा भाऊ यांच्या पुढच्या रकान्यात कारण लिहिलं, ऊन लागून.

लगेच त्याने नत्थूजींचा फॉर्म घेतला.

“माह्यं पोरगं ऊन लागून गेलं. तसंच लिही,” नत्थूजी म्हणाले.

प्रेमदासने पेन खाली ठेवला. या जिल्ह्यात ऊन खरंच माणसं मारतं. पारा सेहेचाळीसवर जातो आणि रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं. म्हणूनच जो अचानक पडतो तो उन्हाच्या नावावर जातो. कोणी तपासत नाही, कोणी विचारत नाही. प्रेमदास विचारायचा. त्यासाठी एक प्रश्न त्याने स्वतःच शोधून काढला होता, फॉर्मात नसलेला.

“काका, महिना कोणता होता?”

“आखाड.”

“आखाडात ऊन?”

नत्थूजींनी ओसरीबाहेर पाहिलं. नंतर म्हणाले, “आभाळ होतं त्या दिवशी.”

या एका प्रश्नावर प्रेमदासने चार वर्षांत एकोणीस मृत्यू उन्हाच्या नावावरून काढून हृदयाच्या रकान्यात नेले होते. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. गावंडे मॅडमनी एका बैठकीत सगळ्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

*

दुपारी एकला तो घरी पोचला. बायको अन्नपूर्णा अंगणवाडीत होती. नंदिनी आतल्या खोलीत झोपली होती. ग्राउंडच्या आधी झोप पुरी झाली पाहिजे, असं तिला प्रशिक्षकाने सांगितलं होतं. आई, अनुसयाबाई, दारातल्या खाटेवर बसून लसूण सोलत होती. त्र्याहत्तर वर्षांची. कान चांगले, डोळे गेलेले.

“आज लवकर आला. जेवला का?”

“हो,” प्रेमदास खोटं बोलला आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. “आई, बाबा गेले तेव्हा काय झालतं?”

“ऊन लागलं.”

“ते मालूम आहे. म्हणजे काय झालतं?”

“काय होते? उभे होते, पडले. पाणी पाजलं तं बाहेर आलं.”

“अंग तापलं होतं?”

अनुसयाबाईची बोटं थांबली. “नाई. गार होतं. घामानं गच्च. मले वाटलं, पाणी सांडलं अंगावर.”

प्रेमदासला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तो त्याच्या तोंडातून सवयीने बाहेर पडला.

“महिना कोणता होता?”

“तुले नाई मालूम? तुरी सोंगून राह्यलो होतो आमी. दरसाल जानेवारीत तूच तं मेणबत्ती लावते फोटोसमोर.”

हे खरं होतं. दर वर्षी अकरा जानेवारीला, सकाळी, स्वेटर घालून तो बापाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायचा. वंदना व्हायची, आईच्या हातची खीर व्हायची. कधी कधी दारात शेकोटीही पेटवलेली असायची. अडतीस वर्षं बापाचा थंडीतला दिवस पाळत तो त्याला उन्हात मारत आला होता. जो प्रश्न त्याने जिल्हाभर विचारला, तो या चार भिंतींत कधी शिरलाच नव्हता.

“मग ऊन कुठून आलं, आई?”

“मले काऊन विचारतं? लोकायनं म्हटलं.” ती पुन्हा लसूण सोलू लागली, पण आता सालं खाटेवर पडत होती. “बरं झालं म्हटलं त्याईनं. सदतीस-अडतीस वर्साचा माणूस उभ्या उभ्या गेला, तं लोक बायकोकडं पाहते. हिनं काय खाऊ घातलं, हिचा पायगुण कसा. ऊन म्हटलं का कोणावर बोट येत नाई. तुह्या आजीनंच आंधी म्हटलं, ऊन लागलं माह्या श्रावणले. माह्याकडं पाहून म्हटलं. मी तिचे पाय धरले होते तवा.”

“आणि रत्नदीपदादा?”

“तो तं मे महिनाच होता. कारंजाच्या धाब्यावर. ट्रकमधून उतरला आणि बसला, तो बसलाच.” मग हळूच म्हणाली, “त्याच्या खिशात कांदा होता पण. मीच देल्ला होता. पोलिसायनं सामान देल्लं त्यात होता, सुकला बी नोता. मी कोणाले बोलली नाई. कांदा असून ऊन कसं लागलं, हे मले आजवर समजलं नाई.”

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असं इथे सगळेच मानतात. अनुसयाबाई घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला देते. प्रेमदासच्या शर्टाच्या खिशातही आता होता. त्याने तो बाहेर काढून पाहिला. यादीचा कागद त्याला चिकटून आला होता.

“नंदिनीले मागच्या महिन्यात अंधारी आलती,” तो म्हणाला.

“हो. म्हणून तं आता दोन देते तिले.”

*

गावंडे मॅडमना त्याने अंगणातून फोन केला. क्रमांक सांगितला, मग तो कोणाचा ते, मग नंदिनीचं पळणं आणि तिला आलेली अंधारी सांगितली.

“प्रेमदासजी, तुम्ही तुमचा फॉर्म चौदाव्या प्रश्नावर ‘नाही’ म्हणून भरला होता.”

“हो मॅडम.”

“तुम्ही.”

“हो.”

त्या रागावल्या नव्हत्या. तेच त्याला सोसेना. त्या म्हणाल्या, “घाबरून चालणार नाही. जनुकात असणं म्हणजे आजार असणं नव्हे. मुलीकडे आलंच असेल असंही नाही. पण ती पळते आणि तिला अंधारी आली होती. इको होईपर्यंत तिला एक पाऊलही पळू देऊ नका. उद्या दहाला दोघंही या. मी स्वतः करते.”

नंदिनी दारात उभी होती. डोळे चोळत, केस विस्कटलेले.

“कोणाले पळू द्यायचं नाई?”

त्याने सांगितलं. परक्या घरी बोलायची वाक्यं त्याच्याकडे तयार होती. इथे त्यातलं एकही बाहेर येईना. पाणीही कोणी मागितलं नाही. त्याने कागद तिच्या हातात दिला, क्रमांकावर बोट ठेवलं, आणि तो क्रमांक कोणाचा, एवढंच म्हणाला. बाकीचं आजी खाटेवरून बोलली. कांद्यासकट.

नंदिनीने सगळं ऐकून घेतलं.

“परवा ग्राउंड आहे बाबा.”

“हो.”

“माह्यं तीन मिनिटाच्या आत येते आता. तीन सेकंद खाली.”

“हो, पोरी.”

“उद्या इको. चांगला आला तं मी परवा पळणार. तुमी मंधात बोलायचं नाई.”

“नाई बोलत.”

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून बूट भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. एकच बूट. दुसरा आला नाही.

*

इकोच्या खोलीत थंडी आणि अंधार होता. पडद्यावर नंदिनीचं हृदय राखाडी रंगात उघडत होतं, मिटत होतं. प्रेमदासने असे शेकडो पडदे पाहिले होते, दारात उभं राहून, पुढच्या माणसाला हाक मारायची म्हणून. तेव्हा ते स्नायू असत. आज ते कोणीतरी पाण्याखाली मूठ वळावी तसं दिसत होतं. मधली भिंत जाड होती. मॅडमनी मोजपट्टी लावायच्या आधीच त्याला दिसली.

“एकोणीस मिलिमीटर,” मॅडम म्हणाल्या. “अकरा-बारापर्यंत चालतं.”

नंदिनी छताकडे पाहत होती. “मंजे?”

“म्हणजे तू उद्या पळायचं नाही. शर्यत नाही, वेगाने पळणं नाही. चालायचं, शिकायचं, नोकरी करायची, सगळं करायचं. गोळी आजपासून सुरू. चोवीस तास छातीला यंत्र लावून लय बघू, मग पुढचं ठरवू.”

“गोळीनं बारीक होते का ते?”

“नाही. या गोळीने हृदय सावकाश चालतं, एवढंच.”

प्रेमदासचाही इको झाला. चौदा. बाप ज्या वयात गेला ते वय त्याने सहा वर्षांपूर्वीच ओलांडलं होतं, आणि ते त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

बाहेर आल्यावर तो मागच्या इमारतीत गेला. तिथे अंकित होता, औषधी रसायनशास्त्राचा संशोधक, नागपूरचा, तिशीतला. काचेच्या कपाटात त्याच्या लहान लहान बाटल्या रांगेने असत, दोनशे चाळीसच्या वर. प्रत्येकीत चिमूटभर पांढरी पूड आणि वर क्रमांक. जाड झालेल्या हृदयाच्या पेशी गरजेपेक्षा जास्त जोराने ओढतात. ती ओढ सैल करणारा रेणू तो पाच वर्षं बनवत होता. एखादा रेणू फार सैल करायचा, पेशी थांबायच्याच. एखादा काहीच करायचा नाही. प्रेमदास रक्ताच्या नळ्या घेऊन आला की अंकित नेहमी म्हणायचा, काका, तुमचे लोक नंबर, माझ्या बाटल्या नंबर, नावाचं या बिल्डिंगमध्ये कोणीच नाही.

“अंकित, यातलं एखादं चालते का?”

“कोणाला, काका?”

“माह्या पोरीले.”

अंकितच्या हातात पिपेट होती. ती त्याने खाली ठेवली. हातमोजे काढले. एवढ्या वर्षांत त्याला हातमोज्यांशिवाय प्रेमदासने पाहिलं नव्हतं. बोटं मुलांसारखी होती.

“दोनशे अकरा नंबर बरा आहे. पण तो बशीतल्या पेशींवर बरा आहे. माणसापर्यंत जायला वर्षं लागतात, आणि बहुतेक मध्येच मरतात. औषधं, म्हणजे.” तो अडखळला. “या जातीची औषधं जगात निघाली आहेत काका. सगळ्यांना चालत नाहीत. मॅडमना विचारा. माझ्या भरवशावर नका राहू.”

“बरं.”

“काका, तिला पळू नका देऊ.”

आज तो नंबराचं काही बोलला नाही.

*

ग्राउंडच्या दिवशी नंदिनी सवयीने पहाटे उठली. तिने बूट घातले, दोन्ही, नाड्या घट्ट बांधल्या आणि उंबऱ्यावर बसून राहिली. प्रेमदासने दार अडवलं नाही. तो तिच्या मागे, घराच्या आत, भिंतीला टेकून बसला. सहा वाजले. साडेसहा वाजले. गल्लीतली तिची मैत्रीण आधीच निघून गेली होती, हाक न मारता. कोणीतरी तिला सांगितलं असावं.

अनुसयाबाई चाचपडत आली आणि तिने नातीच्या हातात कांदा ठेवला. कोणी तिला थांबवलं नाही. नंदिनीने तो खिशात टाकला.

“बाबा,” ती मागे न वळता म्हणाली, “तुमी तं लोकायच्या घरी जाऊन विचारता. महिना कोणता, घाम होता का, अंग गार होतं का.”

“हो.”

“तुमाले कोणी नाई विचारलं?”

“नाई.”

“मंग तुमी सोताले काऊन नाई विचारलं?”

आई म्हणाली तेच कदाचित खरं असेल. कोणावर बोट येऊ नये म्हणून या घरात ऊन आणून ठेवलं होतं, आणि सगळे त्याच्या सावलीत बसले होते.

दहाला ती त्याच्यासोबत केंद्रात आली. तिचं रक्त घ्यायचं होतं. मॅडमनी दुसऱ्या कोणाला पाठवते म्हटलं होतं. नंदिनी म्हणाली, नको, बाबाच काढतील.

आधी त्याने आपला जुना फॉर्म काढला. तिथे लिहिलेलं खोडून काढता येत नाही, काळं करता येत नाही, असा नियम आहे. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहून सही आणि तारीख टाकायची. त्याने ‘नाही’वर रेघ मारली. ‘ऊन लागून’ दोन ठिकाणी होतं, बापापुढे आणि भावापुढे, दोन्हींवर मारली. बरोबर ते लिहून सही केली, तारीख टाकली. रेघेखालून ऊन स्पष्ट दिसत होतं.

नंदिनी समोरच्या खुर्चीवर बसून स्वतःचा फॉर्म भरत होती. वर त्याने क्रमांक घातला होता, र-२०४. चौदाव्या प्रश्नाशी ती थांबली.

“आजोबाचं आणि मोठ्या बाबाचं, दोघायचं लिहू ना?”

“दोघांचं.”

“कारण?”

“अचानक. तेवढंच लिही. आपल्याले तेवढंच मालूम आहे.”

तिने लिहिलं. मग समासात, जिथे रकाना नव्हता तिथे, आजोबांच्या नावासमोर लिहिलं, जानेवारी. शाई नीट सुकेपर्यंत तिने कागद धरून ठेवला. मग खिशातला कांदा काढून टेबलावर नळ्यांच्या शेजारी ठेवला, बाही वर केली आणि हात पुढे केला.

प्रेमदासने पट्टा बांधला. शीर लगेच वर आली. पळणाऱ्या माणसाची शीर होती.

“टोचते का?” तिने विचारलं.

“थोडं.”

नळी भरली. त्याने ती तीनदा उलटी-सुलटी केली, र-२०४ची चिठ्ठी चिकटवली आणि पेटीत बर्फावर ठेवली. मग कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, आणि त्या क्रमांकासमोर सावकाश आपल्या मुलीचं नाव लिहिलं.